सरळ लावलेला बिल्ला

मी जर्मन शिकलो पुण्यात, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. आमच्या वर्गातली निम्मी मुलं संध्याकाळी सायकली काढून जर्मनच्या क्लासला जायची, म्हणून मीही गेलो. पुढे जर्मनीत नोकरी लागेल असं सगळ्यांनाच वाटायचं. मला लागली नाही. धातुशास्त्र शिकायला पेनसिल्व्हेनियात आलो, शिकून झाल्यावर स्टेट कॉलेज या विद्यापीठाच्या गावातच राहिलो, आणि ती भाषा डोक्यात तशीच पडून राहिली.

या भागात जर्मन वंशाचे लोक पुष्कळ. घरातलं म्हातारं माणूस गेलं की मुलं त्याचं सामान अंगणात मांडून विकून टाकतात. अशाच एका विक्रीत, बटणांच्या डब्यात, मला पहिला बिल्ला सापडला. पातळ पत्र्याचा, मोठ्या नाण्याएवढा, मागे पिन. वर एक तंबू, तंबूमागे उगवता सूर्य, आणि कडेने गोल फिरणारी अक्षरं. एका तळ्याचं नाव, त्यापुढे 'उन्हाळी शिबिर'. मी ते मोठ्यांदा वाचलं. विकणाऱ्या बाईंनी चमकून विचारलं, "तुम्हाला हे वाचता येतं?" एवढ्या वर्षांत त्या भाषेबद्दल मला कुणी काही विचारल्याचं आठवत नव्हतं. मी बिल्ला घेतला. मग नाद लागला.

युद्धाच्या आधी जर्मनीत पोरांची शिबिरं फार. डोंगर चढणाऱ्यांची वेगळी, चर्चची वेगळी, कामगारांच्या मुलांची वेगळी. प्रत्येक शिबिराचा बिल्ला असे. शिबिराची फी भरली की तो मिळायचा, आणि पोरं शाळेत मिरवायची. पत्रा कुठे ठोकला, पिन कशी डागली, यावरून कारखाना ओळखता येतो. ते मला जमायचं, कारण दिवसभर मी तेच करायचो, फक्त दुसऱ्या धातूंचं. शनिवारी विद्यापीठाच्या लायब्ररीत जुनी जर्मन वर्तमानपत्रं मायक्रोफिल्मवर पाहायची, तळ्याचं नाव शोधायचं, एखादा चार ओळींचा मजकूर सापडला की आठवडाभर खूश राहायचं. बायको म्हणायची, "लोक गोल्फ खेळतात, हा तंबू जमवतो."

तंबू जमवतो, एवढंच तिला माहीत होतं. नाझी सत्तेवर आल्यावर ही सगळी मंडळं मोडून एकाच संघटनेत घातली गेली. शिबिरं चालूच राहिली, त्याच तळ्यांवर, त्याच मैदानांत. बिल्ल्यांवर मात्र स्वस्तिक आलं. मी ठरवलं होतं की आधीचेच घ्यायचे. पण माझ्या पहिल्या बिल्ल्यातल्या त्याच तळ्याचा नंतरचा बिल्ला एका फ्ली मार्केटमध्ये दिसला. तंबू अगदी तसाच. सूर्याच्या जागी स्वस्तिक. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय काही कळणार नाही, अभ्यास करायचा तर नंतरचेही लागणारच, असं मी स्वतःला सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण तो घेताना मी आजूबाजूला कोण आहे ते पाहिलं होतं, आणि नंतर घरात कुणाला दाखवला नव्हता. असे पाच झाले. पाहुण्यांच्या खोलीतल्या कपाटात, सगळ्यात वरच्या कप्प्यात, मखमलीच्या ट्रेमध्ये ते बाकीच्यांबरोबरच होते. वेगळे काढून ठेवले असते तर ते मलाच उठून दिसले असते.

दोन हजार चारच्या थंडीत आई सहा महिन्यांसाठी आली आणि त्या खोलीत राहिली. जानेवारीत बाहेर गुडघाभर बर्फ. आई खिडकीशी बसून कंटाळली आणि म्हणाली, "संक्रांतीचं हळदीकुंकू करू या." बायकोने ई-मेल टाकली. गावात मराठी घरं मोजकीच, पण विद्यापीठात शिकणाऱ्या मुली होत्या. घरच्या जेवणाचा वास लागला की त्या येतात, आणि येताना रूममेटला घेऊन येतात.

रविवारी दुपारी मला घराबाहेर काढलं. मी लायब्ररीत जाऊन बसलो. परत आलो तेव्हा पाहुण्या गेल्या होत्या, बायको भांडी धूत होती आणि आई फार खुशीत होती.

"किती बायका आल्या रे! मी आणलेले कुंकवाचे करंडे संपले. वाण पुरेना. तेवढ्यात मला आठवलं, तुझ्या कपाटात त्या छान टिकल्या आहेत."

"कसल्या टिकल्या?"

"पिन लावलेल्या. स्वस्तिकाच्या. त्या लुटल्या."

लुटणं हा आमच्याकडे संक्रांतीचा शब्द. सवाष्णींना वाण द्यायचं म्हणजे वाण लुटायचं. मी हातातलं पुस्तक खाली ठेवलं.

"आई, ट्रेमधल्या सगळ्या?"

"छे! बाकीच्यांवर तंबू नि डोंगर. ते काय वाण म्हणून देणार? शोधून शोधून स्वस्तिकाच्याच काढल्या. पाच निघाल्या. हळदीकुंकू लावून, तिळगुळाबरोबर दिल्या."

इतक्या बिल्ल्यांतून तिने नेमके तेच पाच निवडले होते. मी वर्षानुवर्षं जे वेगळं काढलं नव्हतं ते तिने पाच मिनिटांत काढलं. मी स्वयंपाकघरात गेलो, नळ बंद केला आणि बायकोला सांगितलं. तिने हात पुसले. बराच वेळ पुसत राहिली.

"आपल्या घरात होते? लेक झोपते त्याच्या शेजारच्या खोलीत?"

"अभ्यासासाठी."

"मग मला का नाही दाखवलेस?"

उत्तराची वाट न पाहता तिने फोन हातात घेतला. "सासूबाईंकडून चुकून दुसरंच दिलं गेलं, बदलून देते," असं म्हणत तिने चौघींना गाठलं. एकीने देवाच्या फोटोपुढे ठेवला होता. दुसरीच्या अजून पर्समध्येच होता. बाकी दोघींनी पाहिलाही नव्हता. मी गाडी काढून चारही परत आणले.

पाचवी नागपूरची मुलगी. केमिस्ट्रीत पीएचडी करत होती, आणि तिची फी आणि खर्च चालायचा पहिल्या वर्षाच्या मुलांची लॅब घेऊन. आईची तिच्याशी गट्टी जमली होती, कारण ती आईला न कंटाळता नागपूरच्या गोष्टी सांगायची.

"तिला तर मी स्वतः कोटावर लावून दिली," आई म्हणाली. "तिरकं होतं ना ते स्वस्तिक, एका कोपऱ्यावर उभं. असं कसं लावायचं? फिरवून सरळ केलं. मग तंबू तिरका झाला, पण तंबूचं काय एवढं."

म्हणजे तो माझ्या पहिल्या तळ्याचा नंतरचा बिल्ला.

मी त्या मुलीला फोन केला. तिने उचलला नाही. तिच्या अपार्टमेंटमधली मुलगी म्हणाली, "ती लॅबमध्ये आहे काका, फोन बॅगेत असेल." मग मी तिच्या व्हॉइसमेलवर निरोप ठेवला. तो निरोप मला आजही शब्दशः आठवतो. "अगं, आईनं तुला दिलेला तो बिल्ला जरा जुनी वस्तू आहे, चुकून दिला गेला. परत हवाय. सवडीनं दे."

सवडीनं. कोटावरून काढ, आत्ताच काढ, असं म्हणायला हवं होतं. पण तसं म्हटलं असतं तर का, ते सांगावं लागलं असतं, आणि मशीनवर माझ्या आवाजात ते राहिलं असतं. बायको शेजारी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि आत निघून गेली.

रात्री झोप लागली नाही, हे सांगायला नकोच. सकाळी ऑफिसला गेलो. पुन्हा फोन करावा असं दर थोड्या वेळाने वाटत होतं आणि दर वेळी मी स्वतःला समजावत होतो की ती आत्ता शिकवत असेल, त्रास कशाला. दुपारी तिचाच फोन आला. आवाज अगदी बारीक.

"काका, तो बिल्ला नेमका कसला होता?"

"काय झालं?"

"मी कोट दाराजवळच्या खुंटीवर टांगला ना, तर एका मुलाने पाहिला. मला विचारलं, व्हॉट इज दॅट? मी नेहमीचं सांगितलं. की हे आमचं हिंदूंचं शुभचिन्ह आहे, आमचं सरळ असतं, त्यांचं तिरकं. तो म्हणाला, पण कडेने जर्मनमध्ये लिहिलंय. त्याला शाळेत जर्मन होतं. तो म्हणाला इथे 'लागर' लिहिलंय, म्हणजे कॅम्प. काका, तो लॅब सोडून गेला. डिपार्टमेंटमध्ये सांगितलं त्यानं. मला तीन वाजता बोलावलंय, आणि तोपर्यंत कुठलीही लॅब घेऊ नका म्हणालेत. असिस्टंटशिप गेली तर माझं इथलं सगळंच जातं ना, व्हिसा पण. घरी काय सांगू?"

मी तिला सांगितलं. काय आहे, कुणाचं आहे, माझ्याकडे कसं आलं.  पलीकडून दार आपटल्याचा, कुणीतरी हसल्याचा आवाज येत होता.

"म्हणजे काल निरोप ठेवलात तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"बरं," ती म्हणाली. नागपूरची माणसं इतक्या थोडक्यात बोलत नाहीत.

मी अर्धी रजा टाकली आणि केमिस्ट्रीच्या इमारतीशी पोचलो. ती बाहेर कठड्यापाशी उभी होती, त्या थंडीत, कोट न घालता. कोट हातावर घडी करून धरला होता.

"काका, मी काय म्हणते, मी एवढंच सांगते ना, की आजींनी दिलं, आमचा सण होता, आमचं धार्मिक चिन्ह आहे. खोटं थोडीच आहे ते? आजींसाठी तर तेच होतं. तुम्ही फक्त 'हो' म्हणा. तुमचंही नाव यात यायला नको."

माझ्या मनात तिचा फोन आल्यापासून हेच घोळत होतं, हे कबूल करायला हवं. ते चाललंही असतं. इथले लोक अशा गोष्टीत फार सांभाळून वागतात. धर्माचं नाव निघालं की पुढे विचारत नाहीत. तिची असिस्टंटशिप वाचली असती आणि बिल्ला कुणाच्या कपाटातून आला हा प्रश्नच निघाला नसता. माझी बायको याच गावात नोकरी करते, मुलगी शाळेत जाते. पण तो मुलगा 'लागर' वाचून बाहेर गेला होता. त्याने जे वाचलं होतं ते तिथे लिहिलेलंच होतं. त्याला वेड्यात काढूनच आम्ही सुटणार होतो, आणि उद्या त्याने तळ्याचं नाव कुठे शोधलं असतं तर खोटी ती ठरली असती, मी नाही.

"मी सांगतो," मी म्हणालो. "तू काहीच सांगू नकोस."

"काहीच नाही असं कसं? माझी नोकरी आहे काका."

लॅब घेणाऱ्या विद्यार्थ्यांचं काम पाहणारे एक वयस्क प्रोफेसर होते. त्यांच्या खोलीत आम्ही दोघं बसलो. त्यांनी बिल्ला मागितला. तिने तो कोटाच्या खिशातून काढून टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा वर केला आणि डोळ्यांजवळ नेऊन पाहिला, दोन्ही बाजूंनी.

"हा लाल रंग मूळचाच आहे?" त्यांनी विचारलं.

खाचांमध्ये कुंकू बसलं होतं. स्वस्तिकाच्या चारही हातांत, तंबूच्या दोरांत. हळद कडेला लागली होती.

"नाही," मी म्हणालो. "तो माझ्या आईने लावलाय. काल."

मग मी सगळं सांगितलं. बिल्ला माझा आहे, मी विकत घेतलेला आहे, काय आहे हे माहीत असून घेतलेला आहे. आईला माहीत नव्हतं. हिला माहीत नव्हतं. आणि काल संध्याकाळी हिला सांगायची संधी होती तेव्हा मी सांगितलं नाही. हे बोलताना माझं इंग्रजी विद्यार्थी असताना होतं तसं झालं, क्रियापदं मागेपुढे होऊ लागली.

"त्या विद्यार्थ्याला वाटतंय की हा छळछावणीचा आहे," प्रोफेसर म्हणाले.

"लागर म्हणजे कुठलंही शिबिर. सहलीचंही. हे मुलांचं होतं, दहा ते चौदा वर्षांच्या. तळ्याकाठी तंबू ठोकून राहायची."

"म्हणजे निरुपद्रवी, असं म्हणताय?"

"नाही," मी म्हणालो. "तसं म्हणत नाही. ही मुलं चारसहा वर्षांत सैन्यात गेली असणार."

त्यांनी बिल्ला माझ्याकडे सरकवला. मी तो उचलला नाही. मग तो न उचलणंच जास्त अवघड वाटू लागलं, म्हणून उचलला.

"तुम्ही हे जमवता," ते म्हणाले. प्रश्न नव्हता. मी मान हलवली. मग ते तिच्याकडे वळले. "तुमची चूक नाही, हे मला दिसतंय. तसं मी लिहून ठेवतो. पण तो विद्यार्थी आणि बाकीचा वर्ग काही या खोलीत नव्हता. बुधवारी लॅबच्या सुरुवातीला तुम्ही त्यांना सांगा. तुमच्या शब्दांत. ते झालं की मग लॅब घ्या. त्यांना तुमच्याकडे शिकायचं नसेल तर मात्र मला विचार करावा लागेल."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "मी येतो बुधवारी. मी बोलतो."

"नको काका." मग थोडी चालून थांबली. "मुलांनी काही विचारलं आणि मला आलं नाही तर? मी काय त्यातलं वाचलेलं नाही. तुम्ही खाली पार्किंगमध्ये थांबा. लागलं तर फोन करते."

त्या संध्याकाळी मी आईला सांगितलं. ती जपमाळ घेऊन बसली होती. मी जमेल तितक्या साध्या शब्दांत सांगितलं, ते कोण होते, त्या खुणेखाली काय काय केलं. युद्ध तिला अगदीच माहीत नव्हतं असं नाही. आमच्याकडे तेव्हा तांदूळ मिळत नसे, एवढं तिच्या वडिलांनी सांगितलेलं तिला आठवत होतं.

"मी त्याला कुंकू लावलं," ती म्हणाली.

"तुला काय माहीत आई."

"मला नव्हतं माहीत. तुला होतं ना? मग घरात का आणलंस?"

"वाचायला. अभ्यासाला."

"मग झाला का वाचून?"

 माझी लेक दारात उभी राहून ऐकत होती. तिने विचारलं, "बाबा, आर यू इन ट्रबल?" मी म्हणालो, मी नाही, दुसरी एक ताई आहे. "बट यू डिड इट," ती म्हणाली. आईला इंग्रजी कळत नाही, पण हे कळलं असावं. तिने नातीला जवळ बसवून घेतलं.

बुधवारी सकाळी मी केमिस्ट्रीच्या इमारतीमागच्या पार्किंगमध्ये गाडी चालू ठेवून बसलो. हीटर लावला तरी पाय गार पडत होते. शेजारच्या सीटवर माझी फाइल होती. लायब्ररीतून काढलेल्या प्रती, कारखान्यांची नावं, त्या तळ्याचा जुना नकाशा, शिबिराचं वेळापत्रक छापलेलं एक कात्रण. पहाटे किती वाजता उठायचं, लापशी कुणी शिजवायची, पोहायला कधी उतरायचं. ती काहीही विचारेल, मी तयार होतो. आत त्या वेळी कुणीतरी उठून गेलं तर, दोघं गेले तर, सगळेच गेले तर, हे मी आलटून पालटून पाहत होतो. नागपूरला तिचे वडील स्टेशनवर तिला घ्यायला आले आहेत इथपर्यंत माझी मजल गेली.

फोन वाजला.

"काका, सांगून झालं. सगळे बसलेत. तो पण आलाय." ती दबक्या आवाजात बोलत होती. "तोच विचारतोय. त्या शिबिरातल्या मुलांना माहीत होतं का? म्हणजे आपण कशात आहोत ते."

मी फाइल उघडली. खरोखर उघडली, पहिलं पान, दुसरं पान. पत्रा कुठला होता ते मला माहीत होतं. पिन कोणत्या पद्धतीने डागली होती ते माहीत होतं. फी किती होती, रेल्वेने सवलत दिली होती, त्या उन्हाळ्यात पाऊस किती झाला होता. कितीतरी शनिवार मी त्या तळ्याकाठी घालवले होते, आणि हा प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता. विचारला असता तर बिल्ले जमवायला मजा आली नसती.

"काका?"

"वर्तमानपत्रात त्याबद्दल काही... बघ, ती लहान होती, पण काहींच्या वर्गातली ज्यू मुलं शाळेतून काढून टाकलेली होती, ते त्यांना दिसलं असणारच. पण..." मी थांबलो. "मला माहीत नाही. त्याला सांग, इतकी वर्षं बघतोय, पण मी ते शोधलं नाही."

तिने फोन बाजूला धरला असावा. तिचा आवाज मला लांबून ऐकू आला, इंग्रजीत, शिकवतानाचा मोठा आवाज. "ही सेज ही डझन्ट नो. ही सेज ही नेव्हर लुक्ड." मग कुणी काहीतरी बोललं, ते मला कळलं नाही. खुर्च्या सरकल्या. मी दाराकडे पाहत राहिलो, कोण बाहेर पडतंय ते. कुणी आलं नाही. मग पुन्हा तीच, आणखी मोठ्यांदा, "ओके. गॉगल्स ऑन, एव्हरीबडी."

"काका, ठेवते," ती म्हणाली. "सुरू करायचंय."